विश्लेषण : ग्रीनिचची शून्य रेषा आखणाऱ्या जॉर्ज एअरी यांनी स्वतःच्या मायग्रेनचे मोजमाप कसे केले?

मायग्रेन असलेल्या माणसाला उजेड टोचतो म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मोबाइलचा ब्राइटनेस शून्यावर, ट्यूबलाइट बंद, खिडकीचा पडदा ओढलेला. साधारण चारपैकी एका रुग्णाला तर डोके ठणकायच्या आधीच डोळ्यांसमोर चमचमणारी, करवतीच्या दातांसारखी रेष दिसू लागते. ती हळूहळू पसरते आणि तिच्या आतल्या भागात समोरचा मजकूर, माणसाचा अर्धा चेहरा गायब होतो. डॉक्टर याला ‘ऑरा’ म्हणतात.

अडचण अशी की हे दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. रक्ततपासणीत येत नाही, नेहमीच्या स्कॅनमध्येही बहुतेक वेळा काही सापडत नाही. त्यामुळे घरात ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’पासून ‘कामाचा कंटाळा’पर्यंत सगळी निदाने होतात. फक्त रुग्णालाच दिसणारी गोष्ट मोजायची कशी, हा प्रश्न आजच्या संशोधकांपुढेही आहे. 1865 मध्ये या प्रश्नाला हात घातला तो एका खगोलशास्त्रज्ञाने, आणि रुग्ण तो स्वतःच होता.

जॉर्ज एअरी कोण होते?

जॉर्ज बिडेल एअरी हे 1835 ते 1881 अशी तब्बल 46 वर्षे इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ होते. जगाचे रेखांश जिथून मोजले जाऊ लागले ती ग्रीनिचची शून्य रेषा म्हणजे त्यांनी बसवलेल्या दुर्बिणीची रेषा. 4 जानेवारी 1851 रोजी या दुर्बिणीतून पहिले निरीक्षण झाले आणि 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेने तिलाच जगाचे मूळ रेखावृत्त मानले. भारताची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असते, ती याच हिशेबाने. (आज त्या रेषेवर उभे राहून मोबाइलचे जीपीएस पाहिले तर शून्य दिसत नाही. उपग्रहांच्या मोजणीतले शून्य सुमारे 102 मीटर पूर्वेला आहे.)

त्यांचा जन्म 27 जुलै 1801 रोजी उत्तर इंग्लंडमधील अल्निक इथे झाला. वडील अबकारी खात्यात होते. 1813 मध्ये त्यांची नोकरी गेली आणि घरात तंगी आली. मुलाला आधार मिळाला तो मामाचा. आर्थर बिडेल हे सफोक परगण्यातल्या प्लेफर्ड गावचे सधन शेतकरी होते आणि त्यांच्याकडे पुस्तकांचा चांगला संग्रह होता. यंत्रे आणि प्रकाशशास्त्र यांची गोडी एअरी यांना तिथेच लागली.

1819 मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ‘सायझर’ म्हणून दाखल झाले. सायझर म्हणजे कमी फीवर शिकणारा गरीब विद्यार्थी. 1823 मध्ये ते गणिताच्या परीक्षेत पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर आले. मराठी वाचकांना हा शब्द ‘रँग्लर परांजपे’ यांच्यामुळे परिचित आहे. र. पु. परांजपे यांनी तोच मान 1899 मध्ये मिळवला.

पुढच्या वर्षी डर्बीशरमध्ये पायी फिरत असताना एअरी यांची रिचर्डा स्मिथ यांच्याशी ओळख झाली आणि दोनच दिवसांत त्यांनी लग्नाची मागणी घातली. मुलीच्या वडिलांनी ती नाकारली, कारण जावयाची कमाई पुरेशी नव्हती. एअरी थांबले. आधी एक प्राध्यापकपद मिळवले, मग त्याहून चांगल्या पगाराचे दुसरे. 1830 मध्ये लग्न झाले. त्यांना नऊ मुले झाली, त्यातली पहिली तीन अल्पायुषी ठरली.

डाव्या डोळ्यात काय दोष होता?

मायग्रेनच्या गोष्टीची सुरुवात खरे तर त्याआधी, विशीतल्या एअरींच्या डाव्या डोळ्यापासून होते. वाचताना आपण फक्त उजवा डोळा वापरतो, डावा जवळपास निकामी आहे, हे त्यांच्या लक्षात आले. साधा चष्मा लावून फरक पडेना.

दुसरा कुणी असता तर एका डोळ्यावर भागवले असते. एअरींनी कार्डाला बारीक छिद्र पाडले, त्यामागे उजेड ठेवला आणि तो प्रकाशबिंदू डोळ्यासमोर मोजपट्टीवर पुढे-मागे सरकवून पाहिला. बिंदू बिंदूसारखा दिसतच नव्हता. सुमारे सहा इंचांवर तो एक तिरकी रेघ होई आणि साडेतीन इंचांवर आला की पहिलीला काटकोनात दुसरी रेघ. निष्कर्ष सरळ होता : डोळ्याचा पुढचा भाग सगळीकडून सारखा गोल नाही, एका दिशेने वक्रता जास्त आहे, दुसऱ्या दिशेने कमी. या दोन आकड्यांवरून त्यांनी एका बाजूने गोल आणि दुसऱ्या बाजूने पंचपात्रीच्या अंगासारखी वक्र असलेली भिंग हिशेबाने ठरवली आणि इप्सविच गावातल्या फुलर नावाच्या कारागिराकडून घासून घेतली. 1825 मध्ये केंब्रिजच्या फिलॉसॉफिकल सोसायटीत त्यांनी हे वाचून दाखवले.

तुमच्या चष्म्याच्या कागदावर ‘सिलिंडर’ आणि ‘ॲक्सिस’ असे दोन रकाने असतात. ते या प्रयोगाचे थेट वारस. असा दोष थॉमस यंग यांनी स्वतःच्या डोळ्यात आधीच नोंदवला होता, पण त्यावर सिलिंड्रिकल भिंग लावून तो दुरुस्त करण्याचे श्रेय एअरी यांना जाते. पुढे विल्यम व्हेवेल यांनी सुचवलेले ‘ॲस्टिग्मॅटिझम’ हे नाव रूढ झाले.

यातली खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट भिंग नव्हे. डोळा हेही एक उपकरण आहे आणि प्रत्येक उपकरणाप्रमाणे त्यातही चूक असणार, ती आधी मोजावी, हा त्यांचा स्वभाव इथे दिसतो. त्याच डोळ्याची मोजणी त्यांनी 1846 आणि 1866 मध्ये पुन्हा केली, आता दोष किती बदलला हे बघायला!

निरीक्षकाची चूक कशी धरायची?

ग्रीनिचला आल्यावर हाच स्वभाव कामाचा भाग बनला. ताऱ्याची वेळ टिपताना निरीक्षक दुर्बिणीतल्या तारेवरून तारा सरकताना बघे आणि त्याच वेळी घड्याळाचे ठोके कानांनी मोजे. डोळा आणि कान यांचा मेळ प्रत्येकाचा वेगळा असतो. 1796 मध्ये याच वेधशाळेत डेव्हिड किनेब्रुक नावाच्या सहायकाला नोकरीवरून काढले होते, कारण त्याच्या वेळा साहेबांच्या वेळांपेक्षा सेकंदाच्या आठ-दशांशाने मागे पडत. तो आळशी नव्हता. त्याची मज्जासंस्था वेगळी होती, इतकेच. हे कळायला आणखी दोन-तीन दशके गेली.

एअरींनी 1854 मध्ये विजेवर चालणारी नोंदणी सुरू केली. तारा तारेवर आला की निरीक्षकाने फक्त कळ दाबायची, खूण यंत्र उमटवणार. तरीही माणसामाणसांतला फरक पूर्ण जात नाही, म्हणून तो फरकही वेगळा काढून हिशेबात धरला जाई. एखाद्याला काय जाणवते हे त्याच्यावर विश्वास-अविश्वास दाखवून ठरवायचे नाही, त्याची मोजणी करायची. किनेब्रुकच्या वाट्याला हे आले नाही.

या शिस्तीचा अतिरेकही होता. एअरी कागदाचा कपटाही टाकत नसत, आणि वेधशाळेतल्या रिकाम्या खोक्यांवर ‘रिकामे’ अशी चिठ्ठी लावायला त्यांनी अख्खी दुपार घालवली, असा किस्सा आजही सांगितला जातो. हाताखालच्या लोकांना त्यांचा जाच वाटे. चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्रावर त्यांनी निरुपयोगी असा शेरा दिला. नेपच्यून ग्रहाचे स्थान जॉन ॲडम्स यांनी गणिताने काढले होते आणि ते 1845 मध्ये एअरींपर्यंत पोहोचलेही होते, पण शोध वेळेत सुरू झाला नाही. 23 सप्टेंबर 1846 रोजी बर्लिनमध्ये फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांच्या आकड्यांवरून नेपच्यून सापडला. इंग्लंडमध्ये एअरींवर झोड उठली.

भारताशी त्यांचा संबंध आला तो 1855 मध्ये. इथल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हिमालयाच्या ओढीने ओळंबा जितका ढळायला हवा, तितका ढळत नव्हता. कोलकात्यातले पाद्री जॉन प्रॅट यांच्या हिशेबाने साधारण 15.9 सेकंद कोन यायला हवा होता, प्रत्यक्षात फरक 5.2 सेकंदांचाच होता. एअरींनी उत्तर दिले की पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ असले पाहिजे, पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्याचे असते तसे. वर दिसते त्याचे कारण आत शोधायचे, ही चाल दहा वर्षांनी त्यांनी स्वतःच्या दृष्टीबाबतही वापरली.

1865 मध्ये नेमके काय मोजले?

त्या वर्षी प्रकाशशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी ‘अर्धदृष्टी’वर लेख लिहिला. त्यांनाही हा त्रास होता आणि त्याचे मूळ डोळ्याच्या पडद्यात आहे, असे त्यांचे मत होते. त्याआधी 1824 मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम वोलास्टन यांनी स्वतःचा अनुभव लिहिला होता. दारावरचे ‘जॉन्सन’ हे नाव वाचताना त्यांना त्यातला फक्त शेवटचा ‘सन’ दिसला होता.

ब्रूस्टर यांचा लेख वाचून एअरींनी ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये उत्तर दिले. तेव्हा ते 63 वर्षांचे होते आणि हा प्रकार त्यांनी अनेकदा अनुभवला होता. त्यांनी वर्णनावर भागवले नाही, आकृती काढली. कागदावर नजर रोखण्याचा बिंदू, आणि त्याच्याभोवती ठराविक क्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या दातेरी कमानी. सुरुवात नजरेच्या मध्याजवळ एका अस्पष्ट ठिपक्याने होते. मग कमान तयार होते, एका बाजूला वाढत जाते, थरथरते, आणि शेवटी दृष्टीच्या कडेला जाऊन विरते. सगळा खेळ 20 ते 30 मिनिटांचा.

पुढे त्यांनी जे तपासले ते साधे, पण निर्णायक होते. एक डोळा मिटला तरी रेष तिथेच, दुसरा मिटला तरी तिथेच. दोष एका डोळ्याच्या पडद्यात असता तर तो डोळा झाकताच रेष गेली असती. दोन्ही डोळ्यांत एकाच जागी, एकाच आकाराचा आणि एकाच वेळी सरकणारा दोष येणे अवघड. म्हणजे उगम डोळ्यांच्या मागे, जिथे दोन्हींची माहिती एकत्र येते तिथे, मेंदूत. एअरींचे हे अनुमान बरोबर ठरले. हे तुम्हीही ऑरा आला तर करून पाहू शकता (गाडी चालवत असाल तर आधी बाजूला थांबा. आणि असे पहिल्यांदाच होत असेल, किंवा दृष्टी खरोखर एकाच डोळ्याची जात असेल, तर प्रयोग नको, डॉक्टर गाठा).

मुलाने काय भर घातली?

एअरींना या प्रकारानंतर डोकेदुखीचा फारसा त्रास नसे. त्यांचा मुलगा ह्युबर्ट मात्र त्यात भरडला जाई. त्याला पहिला झटका 1854 मध्ये, सोळाव्या वर्षी आला होता. पुढे तो डॉक्टर झाला आणि 1870 मध्ये त्याचा निबंध वडिलांच्या मार्फत रॉयल सोसायटीपुढे आला.

ह्युबर्ट यांनी जॉन हर्शेल, ब्रूस्टर अशा शास्त्रज्ञांचे अनुभव एकत्र केले आणि स्वतःच्या झटक्यांची रंगीत चित्रे जोडली. दातेरी रेष त्यांना जुन्या तटबंदीच्या शहराच्या नकाशासारखी वाटली, बुरुजांचे कोन बाहेर आलेले. म्हणून ग्रीक भाषेतल्या भिंतीच्या शब्दावरून त्यांनी ‘टायकॉप्सिया’ हे नाव दिले, म्हणजे तटबंदीचे दर्शन. आपल्याकडे या आजाराला अर्धशिशी म्हणतात, ते दुखणाऱ्या अर्ध्या डोक्यावरून. ह्युबर्ट यांनी नाव दिले ते तटबंदीसारख्या दातेरी रेषेवरून.

तीन वर्षांनी डॉक्टर एडवर्ड लिव्हिंग यांच्या मायग्रेनवरील ग्रंथात ह्युबर्ट यांचे चित्र आले आणि वैद्यकीय जगात पोहोचले. ह्युबर्ट स्वतः मग झाडांच्या पानांची रचना कशी ठरते या विषयात रमले आणि चार्ल्स डार्विन यांच्याशी त्यावर पत्रव्यवहार करू लागले.

एअरींची शेवटची वर्षे कशी गेली?

1872 मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. 1875 मध्ये रिचर्डा गेल्या. 28 डिसेंबर 1879 च्या वादळी रात्री स्कॉटलंडमधील टे नदीवरचा रेल्वेपूल कोसळला आणि गाडीतले सगळे प्रवासी बुडाले. पुलाचे अभियंता थॉमस बूच यांनी वाऱ्याचा दाब पुरेसा धरला नव्हता. चौकशीत एअरींचे नाव आले, कारण 1873 मध्ये बूच यांच्याच फोर्थ नदीवरच्या नियोजित पुलासाठी त्यांनी चौरस फुटाला सरासरी 10 पौंड इतका दाब धरावा, असे मत दिले होते. अपघातानंतर फोर्थचा नवा पूल उभारताना 56 पौंड धरले गेले. एअरींचा सल्ला दुसऱ्या पुलासाठी होता आणि टे पुलाच्या बांधणीतही ढिसाळपणा होता हे खरे, पण मोजणीवर आयुष्य काढलेल्या माणसाचा आकडा इथे फारच कमी निघाला, हे लपत नाही.

1881 मध्ये ते निवृत्त झाले आणि 2 जानेवारी 1892 रोजी त्यांचे निधन झाले. दफन मामाच्या गावी, प्लेफर्डलाच झाले.

त्या चित्रांचा आज काय उपयोग?

एअरींच्या कमानींमध्ये एक आकडा दडला होता आणि तो काढायला 1941 साल उजाडले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनाही ऑरा येई. त्यांनीही कागदावर खुणा करत तो टिपला आणि दृष्टीचा कोणता भाग मेंदूच्या कोणत्या पट्ट्यात उमटतो यावरून हिशेब केला. उत्तर आले मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर.

डोळ्यांना मात्र रेष बाहेरच्या बाजूला वेग घेताना आणि मोठी होताना दिसते. कारण मेंदूत नजरेच्या मध्यभागाला खूप जास्त जागा मिळालेली असते आणि कडेच्या भागाला कमी. प्रमाण बदलत जाणाऱ्या नकाशावरून एकाच वेगाने जाणारी मुंगी प्रत्यक्षातले जास्त जास्त अंतर कापते, तसे.

तीन वर्षांनी ब्राझीलचे अरिस्टिडिस लेआओ यांना सशाच्या मेंदूवर जवळपास त्याच संथ गतीने सरकणारी लाट आढळली, जिच्या मागे मेंदूच्या पेशी काही काळ गप्प होतात. 2001 मध्ये, रुग्णाला ऑरा सुरू असतानाच घेतलेल्या एमआरआय स्कॅनमध्ये माणसाच्या दृष्टीपटलाशी जोडलेल्या मेंदूच्या भागात तसाच बदल सरकताना दिसला. वेग मिनिटाला सुमारे 3.5 मिलिमीटर.

उजेडाचा त्रास हा त्याच आजाराचा, पण वेगळा भाग. तो मोजताना प्रकाश हळूहळू वाढवतात आणि रुग्णाला तो नकोसा होतो तो टप्पा नोंदवतात. दुसरी चाचणी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची असते. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीत साधारण सहा काळ्या-पांढऱ्या जोड्या बसतील इतक्या बारीक पट्ट्या सगळ्यात जास्त त्रास देतात. मायग्रेन असलेल्यांना त्या हलताना, त्यात रंग उमटताना जास्त दिसतात, आणि तेही डोके दुखत नसताना. 2010 मध्ये 20 अंध रुग्णांवर झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट कळली. ज्यांना चित्र दिसत नव्हते पण उजेड-अंधार कळत होता, त्यांचे दुखणे उजेडाने वाढे. ज्यांना उजेडही कळत नव्हता त्यांचे नाही. म्हणजे दातेरी रेषेचे मूळ मेंदूत असले, तरी उजेडाने ठणका वाढण्याची वाट डोळ्याच्या पडद्यातल्या, पाहण्यासाठी नसलेल्या खास पेशींपासून निघते. डोळा की मेंदू या वादात ब्रूस्टर यांनाही थोडी जागा मिळाली, पण वेगळ्याच कारणासाठी.

या सगळ्या चाचण्यांत शेवटी ‘आता नको’ किंवा ‘आता दिसते’ हे रुग्णच सांगतो. म्हणून कागद-पेन्सिल अजून बाद झालेली नाही. 2013 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात एका व्यक्तीच्या नोंदींवर शोधनिबंध आला. या व्यक्तीने 18 वर्षे आपला प्रत्येक ऑरा वेळेसह कागदावर काढून ठेवला होता. चित्रे एक हजारांहून अधिक होती आणि रेष दर वेळी एकाच जागेवरून निघत नव्हती, एकाच दिशेने जात नव्हती.